वाचून दाखवला, बरोबर आहे

१

आठवड्यातल्या तीन सकाळी मी फुट्सक्रेहून ट्रेनने लॅव्हर्टनला उतरायचे आणि पॉइंट कुकच्या बसची वाट बघत थांबायचे. मला जग बदलायचं होतं, आणि जग बदलायच्या कामावर पोचवणारी बस तासाला एक होती. तेवीस वर्षांच्या माणसाला हा स्वतःवर झालेला अन्याय वाटतो.

२००८चा हिवाळा होता. त्या वर्षी मेलबर्नमध्ये जिकडे बघावं तिकडे आपली मुलं. कोणी हेअरड्रेसिंगच्या कोर्सला, कोणी कुकरीच्या, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, जो असल्या कोर्सनी मिळायचा. माझ्या शेअर घरातला यतिन चांगला मेकॅनिकल इंजिनिअर होता आणि डोक्याला पांढरी टोपी घालून कांदा बारीक चिरायची परीक्षा देत होता. मला या सगळ्याचा राग यायचा. मी पुण्यात फ्रेंच घेऊन बी.ए. केलं होतं, इथल्या युनीत अनुवादाचं मास्टर्स करत होते, आणि भाषा शिकलोय तर तिच्यातून कोणाला तरी न्याय मिळाला पाहिजे असं मला मनापासून वाटत होतं. अजूनही वाटतं.

म्हणून चित्राताईंचं काम मिळालं तेव्हा मी घरी फोन करून आईला रडवलं होतं.

चित्रलेखा, म्हणजे सगळ्यांच्या चित्राताई, युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय न्यायालयात बरीच वर्षं फ्रेंचमधून इंग्रजीत अनुवाद करायच्या. युद्धातल्या गुन्ह्यांचे खटले. त्यांच्या नवऱ्याला, पद्माकरदादांना, मेलबर्नला आयटीतली नोकरी लागली म्हणून त्या इकडे आल्या, आणि न्यायालयाने त्यांना सोडलं नाही, कंत्राटावर काम इकडे पाठवायला लागलं. पडताळणीसाठी फ्रेंच वाचणारं दुसरं माणूस लागतं. माझ्या लेक्चररने माझं नाव सुचवलं, न्यायालयाने माझ्याकडून गुप्ततेचं वचन सही करून घेतलं, आणि मी त्या घरात जायला लागले.

काम करायची पद्धत साधी होती. मी मूळ फ्रेंच परिच्छेद मोठ्याने वाचायचा. मग चित्राताई त्याचा इंग्रजी अनुवाद मोठ्याने वाचणार. डोळे शब्द गाळतात, कान गाळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. माझ्यासाठी एक नियम होता. वाचताना बोट ओळीखाली ठेवायचं.

"पहिलीतल्या मुलीसारखं?" मी विचारलं होतं.

"हो. ज्याला वाचता येत नाही त्याला निदान आपण कुठे आहोत ते कळतं."

"पण मला वाचता येतं, ताई."

"छान आहे. बोट ठेव."

आम्ही बसायचो ती खोली घराच्या पुढच्या बाजूला होती. खिडकीतून दारापर्यंत येणारी सिमेंटची पायवाट दिसायची, दुष्काळाने पिवळं पडलेलं लॉन आणि समोर न विकलेले प्लॉट. टेबल, कॉम्प्युटर, शब्दकोशांचं कपाट. खुर्च्या तीन. तिसरी भिंतीशी असायची आणि तिच्यावर कधीही काहीही ठेवलेलं नसायचं. मी एकदा बॅग ठेवली, तर चित्राताईंनी ती उचलून माझ्या पायाशी आणून ठेवली.

२

त्या हिवाळ्यात आमच्याकडे एकच मोठा जबाब होता. देशाचं आणि साक्षीदाराचं नाव मी लिहिणार नाही. तो विहिरी खणणारा म्हातारा होता, दोन मुलींचा बाप. त्याच्या गावावर सैनिक आले त्या दिवसाबद्दल त्याने आपल्या भाषेत सांगितलेलं सगळं तपास अधिकाऱ्याने दुभाष्यातर्फे फ्रेंचमध्ये लिहून घेतलं होतं. खाली सहीच्या जागी अंगठा. खटला चालवणारे न्यायाधीश इंग्रजी वाचणारे, म्हणजे म्हातारा त्यांच्यापर्यंत पोचणार तो आमच्या अनुवादातून. आणि त्या गावाबद्दल बोलणारा दुसरा साक्षीदारच नव्हता. हा जबाब वेळेत आणि बिनचूक गेला नाही तर ते गाव खटल्यातून पुसलं जाणार होतं. हे कळल्यापासून मला धड झोप येत नव्हती. मला वाटायचं, आपल्याला याचसाठी जन्माला घातलंय.

आणि चित्राताई मात्र थांबायच्या.

प्रत्येक परिच्छेदानंतर थांबायच्या. माझं फ्रेंच वाचून झालं, त्यांचं इंग्रजी वाचून झालं, पेन्सिल हातात तयार, आणि त्या नुसत्या बसून राहायच्या. मग एकदम समासात बरोबरची खूण करायच्या आणि म्हणायच्या, "पुढे."

"आपण कशासाठी थांबतो?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"कानात बसू द्यायचं."

मी ते मानलं. त्यांच्याकडून मी काहीही मानलं असतं. साक्षीदार एकच वाक्य तीनदा बोलला असेल तर त्या तीनदा लिहायच्या. मी म्हणायचे, न्यायाधीश कंटाळतील. त्या म्हणायच्या, "साक्षीदार जिथे अडखळले तिथे न्यायाधीशांनीही अडखळायला हवं. ते पगारी आहेत." असं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं.

आवाज कधी ऐकू यायला लागला ते मला सांगता येणार नाही. तो आधीपासून असावा. परिच्छेद संपायचा, शांतता व्हायची, आणि कोणीतरी श्वास आत घेतल्यासारखा आवाज यायचा. तोंडात घास असताना कोणी काही विचारलं तर आपण नुसता श्वास ओढून होकार देतो, तसा. छोटा, कोरडा. मग चित्राताई खूण करायच्या.

घरात छतातून गरम हवा सोडणारं हीटिंग होतं. ते मधूनच हवा खेचतं. नव्या घराची लाकडं आवाज करतात. मी मनात हे सगळं मांडून घेतलं आणि पुढे वाचत राहिले. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. श्वास आत घेतल्याचा आवाज यायचा. सोडल्याचा कधीच यायचा नाही.

३

एके सकाळी चित्राताईंनी मला एक पान स्वतः अनुवादायला दिलं. मी हवेत होते. त्या पानावर सैनिक म्हाताऱ्याच्या दारात येतात. मी रात्रभर घासून ते पान केलं आणि सकाळी अभिमानाने वाचलं. सैनिकांनी त्याच्या दोन्ही मुलींना घरातून फरफटत बाहेर काढलं, असं माझ्या इंग्रजीत होतं.

मी थांबले. चित्राताई थांबल्या.

काही आलं नाही.

बाहेर पद्माकरदादा गाडीच्या काचा पुसत होते. ते अमेरिकेतल्या क्लायंटसाठी पहाटेपासून काम करायचे आणि आम्ही वाचायला बसलो की बाहेर पडायचे. "तुमचं पारायण सुरू झालं, मी निघालो," म्हणायचे. पाणीटंचाईमुळे गाडी धुवायला बंदी होती, फक्त काचा पुसता यायच्या, त्यामुळे पॉइंट कुकमध्ये सर्वांत स्वच्छ काचा त्यांच्या गाडीच्या होत्या. त्या फडक्याचा कुचकुच आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. खोलीत मात्र काहीच नव्हतं.

"पुन्हा वाच," चित्राताई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. शांतता. आता ती शांतता नुसती रिकामी वाटत नव्हती. कोणी तरी आपल्याकडे बघत गप्प बसावं तशी ती होती.

"फरफटत कुठून आणलंस?" त्यांनी विचारलं. "फ्रेंचमध्ये काय आहे?"

"मुली बाहेर आल्या, असं आहे. पण ताई, दारात बंदुका घेऊन माणसं उभी आहेत! मुली काय आपण होऊन बाहेर येतील? तो म्हातारा आहे, त्याला धड सांगता आलं नसेल. आपण न्यायाधीशांना कळेल असं नको का सांगायला?"

"पुढची ओळ वाच."

पुढच्या ओळीत धाकटी मुलगी बापाला म्हणते, तुम्ही बसून राहा.

"आल्या त्या," चित्राताई म्हणाल्या. "सैनिक आत शिरले तर बापाला मारतील म्हणून स्वतः उठून बाहेर आल्या. तेवढी एकच गोष्ट आहे त्यांच्याकडे, मुलींबद्दल सांगण्यासारखी. आणि तू ती खोडलीस. चांगल्या मनाने खोडलीस, पण खोडलीस."

माझे कान तापले. त्यांनी ओरडायला हवं होतं, ते परवडलं असतं. त्यांनी शांतपणे पेन्सिलने माझं वाक्य कापलं आणि त्याच्यावर लिहिलं: मुली बाहेर आल्या. मग ते वाचलं.

श्वास आला. या वेळी तो लांब होता.

चित्राताईंनी खूण केली. आणि माझ्या लक्षात आलं की त्या साक्षीदाराला कधीच 'तो' म्हणत नाहीत. 'त्यांच्याकडे', म्हणाल्या होत्या.

४

"हीटिंग," यतिन म्हणाला. तो माझ्यासाठी परीक्षेचं उरलेलं कांद्याचं सूप गरम करत होता. "डक्टमध्ये प्रेशरचा फरक पडला की असा आवाज येतो. मी इंजिनिअर आहे, विसरलीस का?"

"तू आता शेफ आहेस."

"दोन्ही. सूप पण सांगतो आणि डक्ट पण. बंद करून बघ ना एकदा. आवाज गेला, विषय संपला. नो वरीज."

"आणि नाही गेला तर?"

"तर त्या बाईंना दमा असेल. उर्वी, तू ना, प्रत्येक गोष्टीत काहीतरी महान शोधतेस."

मला हे लागलं, कारण ते खरं होतं. पुढच्या वेळी मी लवकर पोचले. चित्राताई आंघोळीला गेल्या होत्या. पद्माकरदादांना मी म्हटलं, "मला गरम होतंय, हीटिंग बंद करू का?"

"कर की. बिल मीच भरतो." ते हसले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि हे बघ, ती वाचताना मध्येच थांबली तर घाई करू नकोस हं तिला. तिकडे असतानाही ती अशीच थांबायची. मी विचारत नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली की काही खोल्या एकमेकांना देऊन टाकायच्या असतात."

मी हीटिंग बंद केलं. आणि ती तिसरी खुर्ची उचलून गॅरेजमध्ये ठेवून आले. का ते मला त्या वेळीही नीट सांगता आलं नसतं. रिकामी खुर्ची नजरेसमोर असली की मन तिच्यात कोणाला तरी बसवतं, असा काहीसा माझा शास्त्रीय विचार होता.

चित्राताई आल्या. भिंतीशी मोकळी जागा त्यांनी पाहिली. आम्ही वाचायला बसलो. खोली गार पडत चालली होती. मी परिच्छेद वाचला, त्यांनी वाचला.

श्वास आला. नेहमीसारखा.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण खुर्ची तर मी गॅरेजमध्ये ठेवली."

"मग?"

"मग... तिथे कोणी बसलेलं..."

"खुर्ची मी ठेवते. उभ्या माणसाला बस म्हणावं, एवढी रीत आहे आपल्यात," चित्राताई म्हणाल्या. "ते बसतात असं मी कधी म्हटलं?"

त्यांनी माझ्या पानाकडे पाहिलं. माझं बोट ओळीखाली होतं. त्यांची नजर बोटावरून वर माझ्या मनगटावर आली, मनगटावरून खांद्यावर, आणि तिथून जराशी मागे. आदराने आपण मोठ्या माणसाकडे बघतो तशी.

"पुढे," त्या म्हणाल्या.

ज्याला वाचता येत नाही, तो कुठे उभा राहील? वाचणाऱ्याच्या मागे. बोट बघत.

मी पुढचा परिच्छेद वाचला. खरं सांगायचं तर मला बोट उचलायची हिंमत झाली नाही. एखाद्याचा धरलेला हात मध्येच सोडावा तसं वाटलं असतं.

५

तुम्ही विचाराल, मी पळून का गेले नाही. मी स्वतःला विचारलं. लॅव्हर्टनच्या प्लॅटफॉर्मवर उभी राहून विचारलं. माझी बुद्धी अजून हीटिंगच्या, लाकडाच्या, दम्याच्या बाजूने भांडत होती. पण त्या आवाजाने एकदाही चुकीच्या जागी होकार दिला नव्हता. माझं चुकलेलं असलं की तो यायचा नाही. चित्राताईंचं चुकलेलं असलं की त्यांनाही यायचा नाही, आणि त्या एका वाक्यासाठी अख्खी सकाळ घालवायच्या, थकायच्या, डोळ्यांवर हात ठेवून बसायच्या, आणि पुन्हा लिहायच्या. असं काम मी जगात कुठे पाहिलं नव्हतं. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटत होतं. त्या बाईंसमोरून उठून जाणं मला शक्य नव्हतं.

जबाब संपत आला तेव्हा न्यायालयाची ईमेल आली. साक्षीदाराचं निधन झाल्यामुळे तो सुनावणीला हजर राहू शकणार नाही. आता त्याचा लेखी जबाब हाच पुरावा. अनुवाद प्रमाणपत्रासह शुक्रवारी तिकडची कचेरी उघडायच्या आत पोचला पाहिजे, नंतर स्वीकारला जाणार नाही.

चित्राताईंनी ईमेल वाचून दाखवली. मी खाली निधनाची तारीख बघितली. ती मार्चमधली होती. हा जबाब आमच्याकडे आला मे महिन्यात.

"म्हणजे आपण सुरुवात केली तेव्हा..." मी म्हटलं.

"जिवंत असते तर इतक्या लांब कशाला आले असते?" चित्राताई म्हणाल्या आणि प्रिंटरमध्ये कागद भरायला उठल्या.

६

शुक्रवारी आम्ही दुपारी शेवटच्या पानावर पोचलो. तिकडची सकाळ म्हणजे आपली आर्वो, म्हणजे इथल्या बोलीतली दुपार, संपत आलेली, त्यामुळे हातात थोडासाच वेळ होता. पण मी निश्चिंत होते. शेवटच्या परिच्छेदात करण्यासारखं काहीच नव्हतं.

आपल्याकडे पोलीस जबाब लिहून घेतात, त्याच्या खाली जे असतं तेच तिकडेही असतं. यापेक्षा मला अधिक काही सांगायचं नाही. जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. प्रत्येक जबाबाखाली अक्षरशः हेच. त्याचं इंग्रजी ठरलेलं असतं. कोणी ते नव्याने करत नाही, आधीच्या फाइलमधून उचलून चिकटवतात. चित्राताईंनीही चिकटवलं होतं.

मी फ्रेंच वाचलं. त्यांनी इंग्रजी वाचलं. मी हातातलं टोपण पेनाला लावलंसुद्धा.

काही आलं नाही.

आम्ही पुन्हा वाचलं. चित्राताईंनी दोन वाक्यं वेगळी केली. दुसरं आधी वाचलं: वाचून दाखवला, बरोबर आहे. श्वास आला, लगेच, जवळून. मग पहिलं वाचलं: यापेक्षा मला अधिक काही सांगायचं नाही.

शांतता. तीच, माझ्या 'फरफटत'नंतरची.

त्यांनी त्या वाक्याचं इंग्रजी बदलून पाहिलं. साधं केलं, लांब केलं, आखडलं. खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं. चित्राताईंचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काढून टाका ते वाक्य," मी म्हटलं.

"काय?"

"काढून टाका! त्यांनी ते म्हटलेलंच नाही. अधिकाऱ्याने सवयीने टाइप केलं. ते खोटं आहे, ते स्वतः सांगतायत खोटं आहे, आणि तुम्ही ते त्यांच्या तोंडी घालून सही करणार?"

"ते कागदावर आहे, उर्वी. त्याखाली त्यांचा अंगठा आहे. मी कागदावरचं वाक्य गाळलं तर समोरचा वकील म्हणेल, हिने आणखी काय गाळलं? सगळा जबाब जाईल. मुली जातील."

"मग पाठवून द्या तसाच! वेळ संपतोय!"

"त्यांच्या होकाराशिवाय मी आजवर एक ओळ पाठवलेली नाही."

"मग करणार काय आपण?" मी जवळजवळ ओरडले. मला रडू येत होतं. एवढा सगळा हिवाळा, एवढा मोठा माणूस, आणि अडकलो कुठे, तर जी ओळ कोणी कधी वाचतही नाही तिच्यात.

चित्राताईंनी कीबोर्ड ओढला आणि त्या वाक्याच्या शेवटी एक छोटा आकडा टाकला. पानाच्या तळाशी टीप लिहिली. अनुवादकाला टीप द्यायची मुभा असते, फक्त ती स्वतःला पक्की माहीत असलेल्या गोष्टीची हवी. त्यांनी लिहिलं: हे वाक्य या मालिकेतल्या सर्व जबाबांमध्ये शब्दशः सारखं आढळतं, मुळाप्रमाणे दिलं आहे.

मी ते वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला, कौतुकाने. एक अक्षर गाळलं नव्हतं. एक अक्षर घातलं नव्हतं. आणि ज्या न्यायाधीशाला वाचता येतं त्याला कळणार होतं की हे त्या माणसाचे शब्द नाहीत, त्याला गप्प करणारा शिक्का आहे.

चित्राताईंनी ती टीप फ्रेंचमध्ये मोठ्याने सांगितली. सावकाश, माझ्या खांद्यामागे बघत.

श्वास आला.

त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली, कागद स्कॅन केला आणि पाठवला. तिकडची कचेरी अजून उघडायची होती. पोच आली तेव्हा मी दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होते. पोचलं होतं. गाव पोचलं होतं, मुली उठून बाहेर आल्या होत्या, आणि आता कोणी त्यांना खोडू शकणार नव्हतं.

७

मला वाटलं, झालं. मी बॅग उचलायला वाकले.

"बस," चित्राताई म्हणाल्या.

"पाठवलं ना आपण."

"जबाब पाठवला. त्यांना अजून काही सांगायचंय हे आपल्याला कळलं की नाही? कळल्यावर उठून जायचं?" त्यांनी प्रिंटरमधून एक कोरा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "बोट ठेव."

"कुठे? इथे ओळ नाहीये."

"ठेव."

मी कोऱ्या कागदावर बोट ठेवलं. चित्राताई सरळ बसल्या. दमलेल्या होत्या, पण पाठ ताठ. त्यांनी फ्रेंचमध्ये, नुसत्या ओळखीच्या माणसाला विचारावं तसं विचारलं: तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?

श्वास आला.

माझ्या बोटावर काहीतरी टेकलं. मूल अक्षर गिरवताना मोठं माणूस वरून हात धरतं, तसं. गार नव्हतं. कोरडं, खरखरीत, घट्टे पडलेलं होतं, मातीत काम केलेल्या हातासारखं, आणि त्यात अजिबात जोर नव्हता. ते माझं बोट कागदावरून हळूच पुढे नेत होतं, उजवीकडे, कागदाच्या कडेकडे, आणि कडेवरून खिडकीच्या दिशेला. माझं बोट हवेत खिडकीकडे वळून थांबलं. दाखवावं तसं.

मी बघितलं.

बाहेर संध्याकाळचा शेवटचा उजेड होता. पद्माकरदादा बादली घेऊन पायवाटेने दाराकडे येत होते. मध्येच ते थांबले. पायवाटेवरून बाजूला होऊन पिवळ्या लॉनवर उभे राहिले. दारातून दुसरं कोणी आत जात असलं की आपण नकळत बाजूला होतो, तसे. मग पाऊल पुढे टाकायला गेले, आणि पुन्हा मागे घेतलं. पुन्हा वाट दिली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, मनात ऑफिसचे विचार असावेत. बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पुन्हा एकदा जागा दिली, या वेळी जास्त, कोणीतरी मूल कडेवर घेऊन जात असावं एवढी. पायवाटेवर मला काहीच दिसत नव्हतं.

माझ्या मागे श्वास आला. मग त्याच्याही मागे, भिंतीशी. मग दाराबाहेर, पॅसेजमध्ये. मग आणखी लांब, स्वयंपाकघराच्या बाजूला, बारीक, लहान मुलाचा.

एका गावात किती माणसं राहतात, हा विचार मी आजवर केलाच नव्हता.

मला उठता आलं असतं. दार समोर होतं, आणि मला कोणी अडवलं नसतं, याची मला आजही खात्री आहे. ती सगळी माणसं बाजूला झाली असती. मी चित्राताईंकडे बघितलं. त्या घाबरलेल्या होत्या. पहिल्यांदाच मला ते दिसलं. आणि तरी त्या पेन्सिलीला टोक करत होत्या.

मी बोट परत कागदावर ठेवलं.

"एकेक जण," चित्राताई फ्रेंचमध्ये म्हणाल्या. "आम्ही कुठेही जात नाही. एकेक जण सांगा."

पुढचं दार उघडून बंद झालं. बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. पॅसेजमधून पद्माकरदादांची नेहमीची, प्रेमळ हाक आली.

"चित्रा, चहा टाकतोय गं. किती जणांचा टाकू?"

चित्राताई माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या, ओठ हलत होते, आणि त्यांचं मोजणं संपत नव्हतं.